इन्चार्ज सिस्टर, आपण माझा हात धरलात म्हणून

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

तोंडी आभार मानले तेव्हा ‘असू दे गं’ म्हणून आपण विषय बदललात, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

मे महिन्यातली ती माझी सलग सहावी नाईट होती. सोबतची सिस्टर रजेवर असल्याने बत्तीस खाटांच्या वॉर्डात मी एकटीच होते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, हे आपण आम्हाला नेहमी सांगता. सकाळच्या अँटिबायोटिकसाठी डिस्टिल्ड वॉटर समजून मी जी अँप्यूल, म्हणजे औषधाची छोटी कुपी, फोडायला घेतली होती, ती पोटॅशियम क्लोराइडची होती. पातळ न करता थेट शिरेत गेली असती, तर हृदय बंद पडू शकले असते. हँडओव्हरच्या आधीच आलेल्या आपण माझे मनगट धरलेत, अँप्यूल काढून घेतलीत आणि एवढेच विचारलेत, “कितवी नाईट?”

खरे तर बिघाड त्याआधीच सुरू झाला होता. नऊ नंबरच्या खाटेवरील, आयुष्यभर विड्या वळलेल्या पद्मशाली आजी सलाइनचा हात दुखतो म्हणून तेलुगूत तीनदा सांगत होत्या आणि मी दर वेळी ‘बघते’ म्हणून पुढे जात होते. तो हात कोपरापर्यंत सुजल्याचे आपण राउंडला पाहिलेत. मला त्यांचे नावही आठवेना, याची लाज आजही वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने खचून जाण्याची, जी लक्षणे नोंदवली, ती म्हणजे शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. तिन्ही माझ्यात होती, पण मी त्यांना आळस समजून स्वतःलाच दोष देत होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे आपण मेट्रन मॅडमना दिलेल्या अर्जात लिहिले होते, आणि म्हणूनच माझी चूक एकट्या माझी न राहता ड्युटी रोस्टरचीही ठरली.

मेमो देणे आपल्याला सोपे होते. त्याऐवजी आपण पोटॅशियमच्या अँप्यूल कुलपाच्या कपाटात वेगळ्या ठेवल्यात, सलग तीनपेक्षा जास्त नाईट कोणालाही न लावण्याचे मान्य करून घेतलेत आणि मला घरी झोपायला पाठवून माझी सातवी रात्र स्वतः केलीत, तीही गुडघेदुखी असताना.

कामावर परतले तेव्हा आजींना डिस्चार्ज मिळायचा होता. आपण शिकवलेल्या मोडक्या तेलुगूत मी त्यांच्या हाताची चौकशी केली. त्यांनी सूज उतरलेला हात वर करून दाखवला आणि मला खाटेवर बसायला जागा करून दिली.

आपली कृतज्ञ,
वॉर्डातील एक परिचारिका, सोलापूर