पॅशन सापडत नाही म्हणून मुलं घाबरलीयत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेपरात करिअरची पानं सुरू होतात. मी ती नेमाने वाचतो, कारण मी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि पालक तीच कात्रणं घेऊन माझ्याकडे येतात. हल्ली त्यात एकच गोष्ट फार दिसते, अमक्याने मोठ्या पॅकेजची नोकरी सोडली आणि आपलं पॅशन फॉलो केलं. त्या लोकांचं कौतुक आहेच, पण नववीतली पोरं येऊन विचारतात, सर मला माझं पॅशनच कळत नाहीये, माझ्यात काही कमी आहे का? चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे ऐकलं की फार वाईट वाटतं हो.

म्हणून मला शाळामास्तर आणि गणिती द. रा. कापरेकर सरांबद्दल लिहायचंय. जन्म १९०५, डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यातून मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यात शाळा, मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, आणि १९३० पासून १९६२ ला रिटायर होईपर्यंत देवळालीला शाळामास्तर. पुढची डिग्री नाही, युनिव्हर्सिटीत पोस्ट नाही. शाळा सुटली की संख्या, प्रवासात संख्या, गाडीची वाट बघताना पण संख्या. आज जिला आपण डोंबिवली म्हणतो त्या स्टेशनचं नाव तेव्हा डेमलो होतं, तिथे त्यांना १२१, १२३२१ अशा संख्यांवर काम करायचं सुचलं म्हणून त्या संख्यांना त्यांनी नाव दिलं डेमलो, आणि आणखी एका प्रकाराला आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या!

१९४० च्या दशकात त्यांना ६१७४ हा आकडा सापडला. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारी अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहान असे मांडा, मग उलटे मांडा, वजाबाकी करा, आणि येईल त्या उत्तराचं परत तेच करा (उत्तर तीन आकडी आलं तर पुढे शून्य लावून). ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथून पुढे हलतच नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कुठलीही संख्या तिथेच येते.

आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हे पोरखेळ वाटायचे. सर स्वतःच्या खर्चाने परिषदांना जायचे, पदरच्या पैशाने छोट्या पुस्तिका छापायचे. जगभर नाव झालं ते १९७५ ला, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. सरांचं वय तेव्हा सत्तर! पेन्शन पुरायची नाही म्हणून म्हातारपणी शिकवण्या घेतल्या, पण संख्या सोडल्या नाहीत. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे की त्यांनी आपल्या आवडीकडून पोट भरायची अपेक्षाच ठेवली नाही, पोटाला मास्तरकी होती म्हणून कोणी नावाजो न नावाजो त्यांना संख्यांशी मनासारखं खेळता आलं.

हे ६१७४ मी वर्गात करून घेतो. बरीच मुलं दोन-तीनदा करून वही मिटतात, त्यात काही वावगं नाही. पण एक मुलगी दुसऱ्या दिवशी म्हणाली, सर तीन आकडी घेतली की ४९५ येतं आणि दोन आकडी घेतली तर थांबतच नाही, ८१, ६३, २७, ४५, ९ असं गोल गोल फिरत राहतं. हे मी सांगितलेलं नव्हतं, तिने घरी बसून स्वतः करून बघितलं होतं. तिला कोणी पॅशन विचारलं तर ती गप्पच बसेल, आणि मला वाटतं तिला एवढ्यात काही विचारूच नये, तिच्या वहीकडे लक्ष ठेवावं आणि पुढचं कोडं द्यावं. ती उद्या बँकेत लागली तरी मला चालेल, फक्त ती वही चालू राहू दे.

तर संपादक साहेब, विनंती अशी की यंदाच्या करिअर पानांवर निदान एक कोपरा अशा माणसांना द्या जी नोकरी, दुकान, शेती सांभाळून वर्षानुवर्षं एका गोष्टीत बुडालीयत, मग त्यातून पैसा आला असो वा नसो. त्यांना विचारा की वेळ कधी काढता, खर्च कसा भागवता, घरचे काय म्हणतात, कारण मुलांना खरं तर हेच माहीत नसतं. आमच्या तालुक्यातच असे तीन-चार जण आहेत, त्यांची परवानगी घेऊन मी नावं कळवतो.

आपला,
एक गणित शिक्षक, जि. नाशिक