अपिलाची मुदत उलटल्यावर आबांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही चालवलेल्या, आमच्या वडिलांच्या म्हणजे आबांच्या आयकराच्या अपिलाला झालेला विलंब माफ केल्याचा आदेश आला, तेव्हा फोनवर मला धड बोलताही आलं नाही. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण सांगोला, आटपाडी, पंढरपूर या पट्ट्यात डाळिंब करणारे आबांसारखे पुष्कळ जण आहेत. अशी वेळ आली तर ‘मुदत गेली, आता काही होत नाही’ हेच त्यांच्या कानावर पडणार. आमच्याही पडलं होतं.

२०१७-१८ चा बहार चांगला गेला होता. सौद्यातून (बाजारातल्या लिलावातून) रोख पैसे आले आणि आबांनी ते बचत खात्यात भरले. वर्षभरात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली की बँकेला ते आयकर खात्याला कळवावंच लागतं, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. शेतीचं उत्पन्न १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) प्रमाणे करमुक्त, त्यामुळे आबांनी रिटर्न कधी भरलेलं नव्हतं. फेरआकारणीच्या, म्हणजे कर नव्याने ठरवण्याच्या, नोटिसा निघाल्या त्या आयकराच्या पोर्टलवर नोंदवलेल्या ई-मेलवर, आणि तो ई-मेल होता पॅनचं काम करून देणाऱ्या दुकानदाराचा. उत्तर गेलं नाही, म्हणून मार्च २०२३ मध्ये कलम १४४ खाली एकतर्फी, म्हणजे आबांचं न ऐकताच, आकारणी झाली. भरलेली सगळी रोकड कलम ६९अ खाली खुलासा नसलेला पैसा ठरली. त्यावरचा दर ६० टक्के, अधिभार आणि उपकर धरून ७७.२५ टक्के, वर व्याज वेगळंच. तेल्या रोगापासून बाग वाचवून मिळवलेल्या शंभर रुपयांतले सव्वासत्त्याहत्तर! आबांना याचा पत्ता लागला तो बँकेने खातं अडवल्यावर. तोवर अपिलाचे ३० दिवस कधीच सरले होते.

तुमच्याकडे येण्याआधी आम्हाला मिळालेला सल्ला एकच होता: डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मोठं आजारपण दाखवा, उशीर माफ होईल. तसं सर्टिफिकेट मिळवून देणाराही तयार होता. आम्ही घाबरलेलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला अशी वाट सोपी वाटते. तुम्ही ते ऐकून घेतलंत आणि आबांकडे बघून विचारलंत, “तुम्ही आजारी होता का?” आबा नाही म्हणाले. “मग तसं लिहायचं नाही. जे झालं तेच पुरेसं कारण आहे, फक्त ते नीट मांडावं लागेल.” या एका वाक्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

कलम २४९(३) मध्ये ‘पुरेसं कारण’ असेल तर उशिरा आलेलं अपीलही दाखल करून घेता येतं, हे तुम्ही समजावलंत. सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकालही सांगितलात, अनंतनागच्या भूसंपादन जिल्हाधिकाऱ्यांचा. त्यात अपिलाला चार दिवस उशीर केला होता तो सरकारनेच. मुद्दाम उशीर करून कुणाचा फायदा होत नसतो, आणि उशीर माफ केला तर फार तर एवढंच होतं की वादाचा निकाल गुणवत्तेवर, म्हणजे मूळ मुद्द्यांवर लागतो, असं न्यायालयाने म्हटलं होतं. आबांनी हे दोनदा सांगायला लावलं. सरकारलाही उशीर होतो, याने त्यांना खरंच धीर आला.

ते प्रतिज्ञापत्र तुम्ही कसं केलंत ते मला लिहायचंच आहे. उशिराचे तुकडे पाडलेत. आदेश निघाल्यापासून बँकेने खातं अडवेपर्यंतचा काळ वेगळा, त्याला पुरावा म्हणून पोर्टलवरच्या प्रोफाइलचं प्रिंट, ज्यात तो परका ई-मेल स्पष्ट दिसत होता. आदेश हातात पडेपर्यंतचा काळ वेगळा, कारण आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद होता आणि तो बदलल्याशिवाय ओटीपी येत नव्हता. तो नंबर बदलल्याची पावतीही जोडलीत. मग सगळं आबांना मोठ्याने वाचून दाखवलंत. ‘मला इंग्रजी वाचता येत नाही’ या वाक्याशी ते थबकले. म्हणाले, मराठी येतं, तेही लिहा. तुम्ही पेन उचललंत आणि लिहिलंत. मगच त्यांनी सही केली.

बाकीचंही सोपं नव्हतं. रिटर्नच न भरलेल्याला आगाऊ कराइतकी (वर्ष चालू असतानाच भरायच्या कराइतकी) रक्कम भरल्याशिवाय अपील दाखल करता येत नाही, या अटीवर तुम्ही आधीच उत्तर दिलंत: उत्पन्न शेतीचं, म्हणजे आगाऊ कर शून्य, आणि तरीही सूट मिळावी म्हणून स्वतंत्र अर्ज. वसुली थांबवण्याचा अर्ज वेगळा. नियम ४६अ प्रमाणे नवा पुरावा देण्याची परवानगीही मागितलीत. सातबारा, पीकपाहणीची नोंद, आणि आईने तांदळाच्या डब्यामागच्या पिशवीत जपलेल्या सौद्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या. कार्बनची अक्षरं उडालेली, कॅरेटची संख्या, हमाली, तोलाई कशीबशी लागत होती. तुम्ही भिंग घेऊन एकेक पट्टी पासबुकातल्या नोंदीसमोर लावलीत. त्या पिशवीबद्दल तुम्ही आईचं कौतुक केलंत, ते ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

सरकारी फी हजार रुपये होती. तुमची विचारली तर म्हणालात, हस्त बहाराचे पैसे आल्यावर बघू. ती आता पोचली आहे, पण त्या वेळी खातं बंद असताना या शब्दाची किंमत काय होती ते आमच्या घरालाच माहीत.

विलंब माफ झाला, आणि ऑक्टोबर २०२४ पासून अपील आयुक्तांना एकतर्फी आकारणी रद्द करून प्रकरण आकारणी अधिकाऱ्याकडे परत पाठवण्याचा जो अधिकार मिळाला आहे, त्यानुसार प्रकरण नव्याने तपासायला गेलं आहे. कर लागेल की नाही ते ठरायचं आहे. पण या वेळी आबांचं म्हणणं ऐकून ते ठरेल, आणि ही संधी तुमच्यामुळे मिळाली.

नव्या नोटिशीची प्रत सोबत पाठवते आहे. आता ई-मेल माझा आहे आणि मी तो रोज बघते. बाजार समितीचा दाखला आबा सोमवारी घेऊन येतील, मूळ पट्ट्याही आणतील. आईने तुम्हाला घरी जेवायला बोलावलं आहे.

आपली कृतज्ञ,
आबांची थोरली मुलगी