विसावा माणूस घेण्याआधीचा हिशेब

नागपूर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, माझा हिंगण्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना सतरा माणसांचे पगार भागवूनही नफ्यात आहे, तर मामांच्या मुलाला एक जागा देणे जड का जावे, असे तुम्ही विचारलेत. एकूण नफ्याला माणसांच्या संख्येने भागले तर तुमचे म्हणणे रास्त वाटते. परंतु भरतीचा निर्णय या सरासरीवर करता येत नाही. पुढचा एक माणूस आल्याने मिळकत किती वाढेल आणि खर्च किती वाढेल, एवढेच पाहावे लागते. शेडचे भाडे आणि बँकेचा हप्ता माणूस घेतला तरी तेवढाच आणि न घेतला तरी तेवढाच, म्हणून या हिशेबात ते धरायचेच नाहीत.

अर्थशास्त्रात याला सीमांत खर्च आणि सीमांत लाभ म्हणतात. तुम्ही मात्र हे दर हंगामात करत आला आहात. कापसाच्या शेवटच्या वेचणीला बोंडे विरळ होतात, वेचणारणीच्या हाती दिवसभरात फारसे लागत नाही, आणि तो कापूस मजुरीलाही पुरणार नाही असे दिसले की तुम्ही पऱ्हाटी उपटायला सांगता. पहिल्या वेचणीत किती मिळाले होते, हे तेव्हा मोजत नाही. योहान फॉन थ्यूनेन या जर्मन शेतमालकाने 1850 साली हाच विचार बटाटे काढणाऱ्या मजुरांचे उदाहरण घेऊन मांडला होता.

आता आमची खोकी. पुठ्ठा, तार आणि वीज वजा जाता एका खोक्यामागे 5 रुपये उरतात. पुठ्ठा तारेने शिवणारी शिलाईची यंत्रे दोन आहेत आणि त्यांवरचे कारागीर घडी घातलेल्या पुठ्ठ्याची वाट पाहत थांबतात. त्यांच्या हाताखाली एक मदतनीस दिला तर दिवसाला 300 खोकी वाढतात, दुसरा दिला तर आणखी 150, तिसरा दिला तर जेमतेम 40, कारण त्याला उभे राहण्यापलीकडे काम उरत नाही. एका मदतनिसाची मजुरी 550 रुपये, ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) 3.25 टक्के आणि बोनसची तरतूद धरून सुमारे 615. पहिला 1,500 रुपयांची भर घालतो, दुसरा 750 ची, तिसरा 200 ची. अर्थात, वाढलेली खोकी विकली गेली तरच. त्यामुळे दोघांना घेतले आहे. आई, मामांचा मुलगा तिसरा ठरतो. त्यात त्याचा काहीच दोष नाही.

शिवाय आधीचे सतरा आणि हे दोघे मिळून एकोणीस झाले, म्हणून तो विसावा ठरतो. वीस माणसे झाली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो आणि मालकाच्या वाट्याचे 12 टक्के एकट्या नव्या माणसासाठी नव्हे, तर सर्वांसाठी भरावे लागतात. महिन्याचे 26 दिवस धरले तर या मजुरीवर माणशी दरमहा 1,700 च्या वर, म्हणजे वीस जणांचे सुमारे 34,000. त्याची स्वतःची मजुरी मिळवली तर या एका माणसाचा खर्च महिन्याला 50,000 च्या घरात जातो, आणि तो मिळवून देणार 5,200. काही जण हा आकडा टाळण्यासाठी माणसे ठेकेदाराच्या नावावर दाखवतात. ते मला पटत नाही, आणि कायदा ठेकेदाराकडचीही माणसे मोजतोच. पीएफ ही कामगाराच्या म्हातारपणाची सोय आहे, ती मला द्यायचीच आहे. पण एवढा खर्च एकदम अंगावर येणार असेल, तर तो एका माणसाच्या नव्हे, पाच-सहा माणसे आणि तिसरे यंत्र मिळून होणाऱ्या वाढीसमोर ठेवून तोलला पाहिजे.

ते गणित संत्र्यांच्या आंबिया बहाराची फळे निघण्याआधी जमू शकते. दूरच्या बाजारांत संत्री पाठवणारे व्यापारी तेव्हा खोकी मागतात. दोन व्यापाऱ्यांशी बोलणे चालू आहे; त्यांनी आगाऊ मागणी लेखी दिली की यंत्र घेईन, आणि त्यावरच्या माणसांत मामांच्या मुलाचे नाव पहिले असेल. तोपर्यंत त्याने काटोलला एखाद्या ठिकाणी शिलाईयंत्राचे काम शिकून घेतले, तर तो मदतनीस म्हणून नव्हे, कारागीर म्हणून येईल आणि मजुरीही त्याप्रमाणे मिळेल. मामांना हे तुम्हीच सांगावे. माझ्याकडून ऐकले तर त्यांना ते टाळाटाळीचे वाटेल.

तुमची,
मुलगी