रविवारी बेसबॉल मैदानाचं भूमिपूजन, सगळ्यांनी यायचंच

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेआठला क्रीडा संकुलामागच्या जागेवर आपल्या बेसबॉल मैदानाचं भूमिपूजन आहे. आठ वाजता एसटी स्टँडवर जमा, मिळूनच जाऊ. कापूस वेचणी सुरू असली तरी दोन तास काढाच. शाळेतल्या पोट्ट्यांनाही आणा, मैदान त्यांचंच आहे.

नारळ फुटला की लगेच पांगू नका. इंजिनिअर साहेब तिथे असतील, आखणीआधी त्यांच्याशी बोलायचं आहे. बॅटर जिथे उभा राहतो त्या होम प्लेटवरून, चेंडू टाकणाऱ्या पिचरमार्गे, सेकंड बेसकडे (पळताना गाठायचा दुसरा टप्पा) जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, असं नियमपुस्तकच सुचवतं. मग मावळतीचं ऊन बॅटरच्या डोळ्यात जात नाही. एकदा मैदान उलटं आखलं गेलं तर कोण बदलणार?

माझी खरी काळजी मातीची. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते अन् पावसात फुगते. पिचरचा 10 इंच उंच माउंड, म्हणजे मातीचा उंचवटा, तिच्यावर नीट राहायचा नाही. खाली मुरूम आणि पाण्याचा निचरा हवाच, हे ठासून सांगू.

एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंतचं अंतर 90 फूट, होम प्लेट ते पिचरची पट्टी 60 फूट 6 इंच. ज्यांच्याकडे लांब टेप आहे त्यांनी आणावा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथे नाव टाका, तर्री-पोह्यांचा अंदाज लागेल.