प्रोजेक्टचे ८ गुण स्पायरल बाइंडिंगला देऊ नका : केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सत्र सुरू होण्याआधी नवी संगणक लॅब मिळेल, असे आश्वासन आम्हाला लेखी मिळाले होते. डिसेंबर उजाडला तरी लॅब आलेली नाही. निरोप मात्र आला : प्रात्यक्षिके जानेवारीत आहेत, फाइली पूर्ण करून ठेवा.

सीबीएसईच्या बारावीच्या संगणकशास्त्रात (विषय क्रमांक ०८३) ३० गुण प्रात्यक्षिकाला आहेत : लॅब टेस्ट १२, फाइल ७, प्रोजेक्ट ८, तोंडी ३. प्रोजेक्ट दोन-तीन मुलांच्या गटाने करायचा आणि जमा करण्याच्या किमान ६ महिने आधी सुरू करायचा, हे अभ्यासक्रमातच लिहिले आहे. म्हणजे जुलै. पण लॅबमध्ये एका संगणकावर चार मुले बसवली, तर टाइप एकच करतो आणि तिघे बघतात. मग डिसेंबरात झेरॉक्सच्या दुकानातून तयार ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ येते, पहिल्या पानावरचे नाव बदलते आणि बाइंडिंग होते. मुलांना दोष देऊ नका. त्यांना यंत्रच मिळाले नाही.

सहा महिन्यांत काय करायचे असते, ते सांगतो. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांची आवक हा विषय घ्या. प्रोग्राम पायथॉन भाषेत, नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. आधी कागदावर दोन टेबले : शेतकरी आणि आवक. आवकीत तारीख, बहार म्हणजे संत्र्याचा हंगाम (आंबिया की मृग), कॅरेटची संख्या, भाव. शेतकऱ्याचा क्रमांक पहिल्या टेबलात प्रायमरी की (प्रत्येकाची वेगळी ओळख), दुसऱ्यात फॉरेन की (पहिल्या टेबलाशी जोडणारा दुवा). हे ठरायलाच दोन आठवडे लागतात आणि लागू द्यावेत, कारण इथे घाई झाली की शेतकऱ्याचे नाव प्रत्येक नोंदीत पुन्हा लिहिले जाते आणि एका ठिकाणी स्पेलिंग चुकले की बेरीज चुकते. मग नोंद, शोध, दुरुस्ती, खोडणे यांची वेगवेगळी फंक्शने. प्रत्येक फंक्शन चालल्यावरच पुढचे.

अडते कुठे, तेही ठरलेले आहे. इन्सर्टने नोंद टाकल्यावर कमिट(), म्हणजे ती कायमची करणारा आदेश, विसरले की नोंद त्या वेळी दिसते, प्रोग्राम बंद केला की नाहीशी होते. कीबोर्डवरून माहिती घेणारे इनपुट() नेहमी मजकूर देते. त्याचा आकडा केला नाही, तर तुलनेत ‘९’ कॅरेट ‘१०’ पेक्षा जास्त ठरतात. विंडोजवर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची) लिहायला उघडताना ‘न्यूलाइन’ हा पर्याय रिकामा ठेवला नाही, तर प्रत्येक ओळीनंतर कोरी ओळ येते. पिकल फाइल (पायथॉनचा डेटा जसाच्या तसा साठवणारी) वाचून संपल्यावर येणारी ईओएफएरर ही चूक ट्राय-एक्सेप्टने, म्हणजे प्रोग्राम बंद न पडू देता, पकडावी लागते. सगळ्यात रडवणारा प्रकार म्हणजे घरी चालणारा प्रोजेक्ट शाळेत उघडत नाही. डेटाबेस घरच्या संगणकात राहिलेला असतो, शाळेतला पासवर्ड वेगळा असतो आणि जुना कनेक्टर (पायथॉनला डेटाबेसशी जोडणारे पॅकेज) मायएसक्यूएल ८ ची नवी पासवर्ड पद्धत ओळखत नाही. उपाय साधा आहे : मायएसक्यूएल-कनेक्टर-पायथॉन हेच पॅकेज टाका, मायएसक्यूएलडम्पने डेटाबेसची फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा, पासवर्ड प्रोग्रामच्या सुरुवातीला एकाच जागी लिहा. पण हे परीक्षेच्या आधी शाळेच्या यंत्रावर एकदा करून पाहायला यंत्र मोकळे हवे ना!

आणि हे सगळे बघणार कोण? संगणकाचा शिक्षकच ऑनलाइन माहिती भरतो, निकालपत्रे काढतो, मुख्याध्यापकांचा प्रिंटर दुरुस्त करतो. लॅब असिस्टंट नाही. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) जळला की मंजुरी येईपर्यंत संगणक झाकून ठेवतात, आणि शेवटी खिशातले पैसे घालून आम्हीच तो बदलतो. किती वर्षे?

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक येतात. ३० मुलांच्या तोंडीला एक तास उरला, तर एकेकाला २ मिनिटे. तेवढ्यात बाइंडिंगच बघून होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मधल्या टप्प्यापासूनच (सहावी ते आठवी) कोडिंगची भाषा केली. बारावीच्या मुलाला स्वतःचा प्रोग्राम चालवून दाखवायला वेळ नाही, तर ते धोरण कुणासाठी लिहिले? नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पातल्या कंपन्यांची नावे भाषणांत येतात. तिथे मुलाखतीला बसणाऱ्या मुलाला कमिट() कुठे लिहिले हे सांगता आले नाही, तर त्याच्या ८ पैकी ८ गुणांना कोण विचारणार?

आमचे मागणे नेमके आहे. प्रोजेक्टच्या ८ गुणांतले निम्मे ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबर अशा तीन तपासण्यांवर द्या. प्रत्येक वेळी चालणारा प्रोग्राम आणि तारखेसह कोडची प्रत हवी. तोंडीत मुलाला त्याच्याच प्रोग्राममध्ये एक बदल करायला सांगा, उदाहरणार्थ ‘फक्त मृग बहाराची आवक दाखव’. ज्याने स्वतः लिहिले, तो पाच मिनिटांत करील. तेवढा वेळ परीक्षेच्या वेळापत्रकात बसवा. दोन मुलांमागे एक संगणक आणि प्रत्येक लॅबला एक असिस्टंट द्या.

आणि कबूल केलेल्या लॅबची तारीख १ जानेवारीच्या आत लेखी कळवा. जुलैत अकरावीची मुले बारावीत आलेली असतील आणि त्यांचे सहा महिने तेव्हाच सुरू होतात.

आपले,
नागपुरातील संगणकशास्त्राचे शिक्षक