आपल्या घोडेस्वाराबद्दल

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुला आपल्या रोमन नाण्याचा फोटो पाठवला ना, तो जुना होता. सांगायची हिंमत होईना, म्हणून वर्षभर पत्र नाही की फोन नाही. इकडे सगळे ठीक. बीपीची गोळी चालू.

झालं असं, की त्याआधी दसऱ्याला देव घासायला काढले. चिंच भिजवलेलीच होती, शेजारी नाणं पडलेलं. तू विचारशील, डबीतून उडी मारून आलं का? बरं, मीच काढलं. ते हिरवट-काळं पुट बघून राहवेना. चिंच, मीठ, मग नानांचा जुना ब्रश. आणि बंड्या, क्षणभर काय दिसलं! शिरस्त्राण घातलेला शिपाई भाला खुपसतोय, घोडा कोसळलाय आणि स्वार मागे वळून हात वर करतोय. तू म्हणायचास शरण येतोय, मी म्हणायचो शिव्या घालतोय. तोंड काही दिसत नाही, तेव्हा वाद चालू ठेव.

भोवतीची लॅटिन अक्षरंही लागली: फेल टेम्प रेपरातिओ. सुखाचे दिवस परत आले! 348 साली हे वाक्य नाण्यांवर आलं आणि 351 मध्ये मुर्साच्या लढाईत रोमन फौजांनी एकमेकींचीच कत्तल केली. पण सम्राट कॉन्स्टँटियसच्या नाण्यांवर भाल्याखाली पडलेला मात्र परकाच. आपल्या चौकातले फ्लेक्स आठवले.

नाणं आधी तांबूस गुलाबी झालं, नव्या पातेल्याच्या बुडासारखं. मी खूश. हिवाळ्यात डबी उघडली तर फिकट हिरवी पूड. बोटाने पुसली, आठवड्यात पुन्हा. याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. आत क्लोराइड दबा धरून असतं, दमट हवा लागली की धातू खात सुटतं. आणि इथल्या हवेला दमट नाही तर काय म्हणायचं? मी घासून काढला तो मळ नव्हता रे, त्याचं चिलखत होतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून झालं, आता सिलिका जेलच्या पुड्यांत ठेवलंय. रोज रात्री बघतो. घोड्याचा मागचा पाय गेला.

हे तुझ्याकडे असतं तर वाचलं असतं, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो. पण त्या जत्रेत नाणं कुणी ठेवायचं म्हणून ते उडवलं, तेव्हा 'रोमन पोरं डोकी की जहाज म्हणायची' असं ज्ञान पाजळून तू जहाज मागितलंस. या नाण्यावर जहाज आहेच कुठे? तू हरलास ते हरलासच.

मुक्ताचं ठरलं असं आईकडून कळलं. फार आनंद झाला, तारीख कळव. वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय झालं?

मार्चमध्ये येतोय, डबी घेऊनच. वर केलेला हात अजून शाबूत आहे. बोटं मोजू नकोस.

तुझा,
पक्या