खडा एवढा जवळ का नेतेस?

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर गळा दाटून येतो, म्हणून लिहितेय. बँकेचा राजीनामा मंजूर झालाय, ३१ तारीख शेवटची. बाबा, पत्र खाली ठेवू नका. आठ महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण बाजूला काढलंय, पीएफला हात लावलेला नाही. अप्पाकाकांच्या वेळेसारखं होणार नाही.

नोकरी सांभाळून तीन वर्षं अभिनय करून पाहिला. ऑडिशनचा निरोप अकराला येतो, चारला आराम नगरला पोचायचं असतं आणि काउंटरवर रांग असते. पण खरी ओढाताण रियाजाची होती. गाणाऱ्याला रियाज लागतो हे सगळ्यांना पटतं, नटालाही लागतो. साडेपाचला उठून खर्जातला सा धरते, एका श्वासात टिकेल तेवढा. मग पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, तिथेच आवाज पडला तर केलं की नाही केलं, हेच मागच्या रांगेला कळत नाही. बाबा, भावे नाट्यमंदिरात मागे बसून तुम्ही "शेवट गिळतोय हा" म्हणायचात, ते रोज आठवतं. १८४३ साली पहिलं मराठी नाटक आपल्या सांगलीत झालं, हेही तुम्हीच गणपतीच्या देवळातून येताना सांगितलं होतंत. मग मी दुसरं काय करणार होते?

जेवणाची काळजी नको. खालच्या मावशींचा डबा आहे, रात्री मुगाची खिचडी मी लावते. तूपही घालते.

आई, आता तुझ्याशी. अभिनयाच्या वर्गात आम्हाला रिकाम्या हातांनी काम करून दाखवायचं असतं. वस्तू नसते, पण बघणाऱ्याला दिसली पाहिजे. मी तुझं तांदूळ निवडणं केलं. दिवाळीत चार दिवस तुझे हात बघत बसले होते, तुला वाटलं लेक लाडात आलीय. सर म्हणाले, "तांदूळ दिसले. पण खडा डोळ्यांच्या एवढा जवळ का नेलास?" म्हटलं, आई तसंच करते. आणि तिथेच गप्प झाले. लहानपणी तुझ्या मांडीवर डोकं असायचं माझं, आणि तू गोष्ट सांगता सांगता नुसत्या बोटांनी खडा टिपायचीस. मी मनगट बघितलं, बोटं बघितली, डोळे बघितले नाहीत गं.

तेव्हा ह्याच आठवड्यात डोळे तपासून घे. 'वयामुळे होतं' ऐकणार नाही. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनला मी येईन, आता रजा मागायची नाही कुणाकडे. बाबा, तुम्ही तिच्याबरोबर जा, रिक्षाने, स्कूटर काढायची नाही. आणि पलंगावरून उठताना भिंत धरता तेही मी पाहिलंय. न्हाणीघरात दांडी बसवून घ्या, पैसे पाठवलेत. साखर तपासल्याचा कागद मला फोटो काढून पाठवा.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. ५ नोव्हेंबरला येतेच आहे. तोवर तांदूळ निवडलेलेच आणा.

तुमची,
मनू